टाकी जिवंत हाय तवर

म्हाळूआबांना सांडलेलं पाणी बघवत नसे. सुनेनं भांडी विसळली की ते पाणी कोंबड्यांच्या परातीत जायचं, तिथं उरलं तर दारातल्या लिंबाच्या बुडाशी. पाहुण्यानं अर्धा तांब्या पिऊन खाली ठेवला तर आबा तो उचलून स्वतः संपवत आणि वर म्हणत, "माज्या पोटात गेलं मंजी वाया न्हाई गेलं." शिरूर कासारपासून थोड्या अंतरावर, माळावर त्यांची वस्ती. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. कुठल्या आडाला कुठल्या महिन्यापर्यंत पाणी टिकतं, यावर कळप जगायचा. अशा माणसाचा हात पाणी ओतताना आखडणारच. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण या वैशाखात वस्तीवर जे घडलं ते निष्काळजीपणातून घडलं असं लोक म्हणतात. ते खरं नाही.

मी शाळेत मास्तर, त्यांचा मुलगा गहिनीनाथ माझ्या वर्गात शिकलेला, त्यामुळे माझं तिकडे जाणंयेणं. आबा बोलायला मऊ, पण जनावराच्या बाबतीत कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यातही पोटफुगी हा त्यांचा खास प्रांत. कळप कुणाच्या लसूणघासात शिरला, ओलं कोवळं चरला, की काही मेंढरांच्या डाव्या कुशी नगाऱ्यासारख्या ताणायच्या. आबा त्यांना करडीचं तेल पाजत, लिंबाची काडी तोंडात आडवी बांधत, कूस चोळत चोळत चढावर चालवत. जनावर डकारा देऊ लागलं की मगच बिडी शिलगावत.

एकदा तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर वस्तीवर आले होते. मेंढी अगदी शेवटच्या घटकेला आलेली. त्यांनी कुशीत नळी घातली. हवा फुस्सकन बाहेर येईल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण आला तो नुसता फेस, तोही चिकट, थेंबाथेंबानं. डॉक्टरांनी आबांना समजावलं की पोटात गॅस पुष्कळ आहे, पण तो एका जागी साठलेला नाही. बुळबुळीत रसात त्याचे बारीक बुडबुडे अडकून बसलेत. ते एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून मोठे होत नाहीत, म्हणून वर येत नाहीत. तेलानं तो फेस मोडतो. आबांना हे इतकं पटलं की पुढं भेटेल त्याला ते सांगत. मलाही सांगितलं होतं. "हवा बी फसती बघा मास्तर. गाळात म्हस फसती तशी."

गुडघे गेले तेव्हा मेंढरं विकली. तोवर गहिनीनाथ आणि त्याची बायको बबिता दर हंगामाला ऊसतोडीला जात. मग त्यांनी म्हशी घेतल्या, कोयते अडगळीत टाकले, आणि दूध डेअरीला जायला लागलं. एवढं शेण नुसतं उकिरड्यावर कशाला, म्हणून गोबरगॅसची टाकी बांधायचं ठरलं. केजचा बसवराज मिस्त्री हे काम करतो, त्याला बोलावलं. जमिनीत पुरलेला विटा-सिमेंटचा घुमट. एका बाजूला शेण कालवायचा लहान हौद, दुसऱ्या बाजूला माणसाच्या उंचीहून खोल असा बाहेरचा हौद. त्याला आतून पायऱ्या, वर फरशा. घुमटात गॅस साठला की तो शेणाच्या काल्याला दाबतो आणि काला बाहेरच्या हौदात चढतो. स्वयंपाक झाला, गॅस संपला, की पुन्हा उतरतो.

काम पुरं झाल्यावर बसवराजनं सगळ्यांना जवळ बोलावलं.

"म्हाळूआबा, दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जेवढं शेण, तेवढंच पाणी. आन् टाकी जिवंत हाय तवर आत कुणी उतरायचं न्हाई. बाहेरच्या हौदात बी न्हाई. उतरला तो वर येत न्हाई. त्याला काढायला उतरला, तो बी येत न्हाई."

"आन् मेली तर?"

"मेली तर मला फोन करा."

गहिनीनाथ हसला. आबा हसले नाहीत. जिवंत आणि मेली हे शब्द त्यांच्याकडे थट्टेत वापरायचे नव्हते.

टाकीचं काम आपोआप आबांकडे आलं. मेंढरं गेल्यापासून ते आपल्याच वस्तीवर पाहुण्यासारखे बसून असत. आता सकाळी उठायला कारण मिळालं. शेण पाटीनं आणायचं, हातानं कालवायचं, त्यातली कडब्याची धसकटं वेचून काढायची. मग फरशी सरकवून काला किती चढलाय ते बघायचं. "निजलेल्या मेंढीची कूस वरखाली व्हती, तसंच हाय हे," असं ते म्हणायचे. पुढं पुढं तर टाकीबद्दल बोलताना नुसतं 'ती' म्हणायला लागले. आज तिनं कमी खाल्लं. आज ती खुशीत हाय. बबिता सासऱ्याला मामा म्हणायची. ती शेगडी पेटवताना हाक मारायची, "मामा, तुमची लेक पेटली बघा!"

पाऊसकाळ आणि हिवाळा बरा गेला. मग आड आटला आणि टँकरची वाट बघणं सुरू झालं. टँकरचं पाणी पिंपात, पिंपावर झाकण, झाकणावर दगड. त्या पाण्यातलं बादलीभर शेणात ओतायचं, हे आबांच्यानं होईना.

"मामा, मिस्त्रीनं काय सांगितलंय? शेणाएवढं पाणी घाला की."

"शेणात पानी असतंच की गं. म्हस काय कोरडं हागती व्हय?"

बबिता हसत सुटायची आणि गोष्ट तिथंच राहायची. बादलीची अर्धी बादली झाली. होळीनंतर ते तांब्यावर आलं. कालवलेलं शेण आता वाहत नव्हतं, लोटावं लागत होतं.

आपल्या घरात पातळ आमटी उकळते तेव्हा बुडबुडे सरळ वर येतात आणि फुटतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. पिठलं घट्ट झालं की तसं होत नाही. बुडबुडा तळाशी दबा धरून बसतो. वरचं ओझं ढकलण्याएवढा मोठा झाल्याशिवाय तो जागचा हलत नाही, आणि हलला की फटकन उडून मनगटाला चटका देतो. अशा वेळी डाव फिरवला तर अधिकच उडतं. ढवळल्यानं घट्ट पिठलं तेवढ्यापुरतं सैल होतं आणि अडकलेलं सगळं एकदम सुटतं. एका बुडबुड्यानं वाट पाडली की मागचे त्याच वाटेनं, जास्त वेगानं येतात. टाकीतला काला आता त्या पिठल्यासारखा झाला होता. फक्त त्यातून जे सुटणार होतं ती वाफ नव्हती.

चैत्र संपता संपता शेगडीची निळी ज्योत बारीक झाली, लुकलुकली, आणि एका सकाळी पेटलीच नाही. बबितानं पुन्हा चूल मांडली. पण बाहेरच्या हौदातला काला उतरला नाही. शेगडी बंद, गॅस नाही, टाकीत दोन दिवस कुणी पाटीभरही शेण घातलेलं नाही, तरी काला चढतच होता. फरशांपर्यंत आला. वर साय धरली. एक कोंबडी त्यावरून चालत पलीकडे गेली, तिचे पाय बुडाले नाहीत. आबांनी काठी खुपसून बाहेर काढली तर भोक तसंच उभं राहिलं, मिटलं नाही. त्या भोकाच्या भिंतीत बारीक मोठी छिद्रं दिसत होती, पाव मोडल्यावर दिसतात तशी.

गहिनीनाथ बापाच्या खांद्यावरून डोकावला. "मेली टाकी, आबा. बुजवून टाकू. सोमवारी खालच्या वस्तीवर जेसीबी यायलाय, तवाच मुरूम लोटून घेतो."

"मेली न्हाई. फुगलीय."

"शेगडी पेटंना आन् मनं जिवंत हाय!"

"फुगल्यालं जनावर बी चरत न्हाई. मनून त्याला पुरायचं का बे?"

"आबा, ती टाकी हाय. सिमेटाची."

"पोट तर हाय ना?"

आबांचं निदान चुकीचं नव्हतं. गॅस आतच होता. घुमटात जायला त्याला वाट मिळत नव्हती म्हणून तो जिथं तयार झाला तिथंच काल्यात अडकला होता, आणि त्यानंच काला फुगला होता. बबिताच्या आग्रहावरून गहिनीनाथनं बसवराजला फोन लावला. तो नेकनूरकडे कामावर होता. त्यानं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला ते, "हात लावू नका." मंगळवारी येतो म्हणाला. सोमवारी जेसीबी येणार होता. आबांनी दोन्ही वार ऐकले.

दुसऱ्या दिवशी बबिताला तेलाचा डबा हलका लागला. बाहेर येऊन बघते तर आबा शेणाच्या हौदात करडीचं तेल ओततायत.

"अवं मामा! वरसाचं तेल हाय ते!"

"आजारी जिवाला हात आखडू न्हाई."

"पाण्याला आखडता आन् तेल पाजता!"

आबा ओशाळल्यासारखे हसले आणि डबा तिच्या हातात दिला. हे बबितानं मला नंतर सांगितलं. सासऱ्याचं शेवटचं हसणं तिला तेवढंच आठवतं.

तेलानं काही झालं नाही. शनिवारी संध्याकाळी हौदात साय एका ठिकाणी हळूहळू उचलली गेली, लिंबाएवढी झाली, आणि 'भप्प' करून फुटली. गोठ्यातल्या म्हशींनी माना वळवल्या. आबा पोराला हाका मारत सुटले, "डकार दिली! डकार दिली तिनं!" गहिनीनाथनं बाजेवरूनच हात हलवला. मुरूम टाकायचं त्याच्या मनात पक्कं झालं होतं.

रविवारी सकाळी गहिनीनाथ दुधाच्या किटल्या मोटारसायकलला अडकवून डेअरीला गेला. बबिता गोठा झाडत होती. आबांनी कुणाला न सांगता हौदावरच्या फरशा बाजूला केल्या, लांब बांबू घेतला आणि ढवळायला सुरुवात केली. मेंढराची कूस चोळतात तसं, आधी हळू, मग जोरानं. साय फाटली. घट्ट काला बांबूभोवती सैल पडला आणि बुडबुडे यायला लागले. आधी एकेक, मग त्याच वाटेनं माळ लागल्यासारखे. गोठ्यापर्यंत फसफस ऐकू आली आणि सडक्या अंड्यांचा वास आला. बबिता नाकाला पदर लावून धावत आली.

"मामा, काय करायलाव?"

"सुटायलीय बघ! लई कोंडलं व्हतं."

तिच्या डोळ्यांदेखत काला बसला. फुगलेलं पीठ बोट लावल्यावर बसतं, तसा तो खाली, आणखी खाली गेला. एकेक पायरी उघडी पडली. फरशांपर्यंत भरलेला हौद रिकामा झाला. निदान दिसत तरी रिकामा होता. काल्यातून जळणाऱ्या गॅसबरोबर विषारी गॅसही सुटतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि हौदातच साठून राहतो, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. वारा पडलेला होता. माळावर एक पान हलत नव्हतं.

"पोट उतरलं," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. मग त्यांनी नाक वर करून हुंगलं. "वास बी गेला."

वास गेला नव्हता. हा गॅस जास्त झाला की आधी नाकाची ओळख पुसतो. माणसाला वाटतं, हवा स्वच्छ झाली.

हौदाच्या तळाशी, घुमटाच्या तोंडाशी, धसकटांचा आणि वाळल्या सायीचा बोळा बसला होता. तिथवर बांबू पोचत नव्हता. आबांनी धोतर खोचलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

बबितानं त्यांचा दंड धरला. "मिस्त्री काय बोलला? जिवंत हाय तवर उतरायचं न्हाई!"

आबांनी तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, समजूत घालावी तसं. "अगं, मेल्यावर उतरून काय करू? कातडं काढू?"

आणि हात सोडवून घेतला. जनावर जिवंत आहे म्हणजेच त्याच्यापाशी गेलं पाहिजे. याखेरीज दुसरा अर्थ त्या वाक्यातून त्यांना काढता आला नसता. बसवराजनं धोका सांगितला होता, पण शब्द मेंढक्याच्या कामाचा वापरला होता.

तिसऱ्या पायरीवर ते थांबले. चौथीवर खाली बसले, दमल्यावर बसतात तसे. बांबू काल्यात रुतून उभाच राहिला. मग ते कुशीवर कलंडले. ओरडणं नाही, हातपाय झाडणं नाही. बबिता "मामा, मामा" करत राहिली, आणि तेवढ्यात रस्त्यावरून मोटारसायकलचा आवाज आला.

तिनं सगळं सांगायच्या आत गहिनीनाथनं गाडी टाकून दिली होती. एक रिकामी किटली हातात तशीच. तो हौदाकडे धावला आणि ती त्याच्यामागं. काठावर तिनं त्याला मागून कमरेत मिठी मारली आणि दोन्ही पाय फरशीला अडकवून मागं पडली.

"सोड! बाप हाय माझा!"

"उतरू नका! उतरू नका!"

त्यानं तिला शिव्या घातल्या, तिच्या माहेराला घातल्या. किटली तिच्या हातावर आपटली. तिनं बोटं सोडली नाहीत, शर्ट दातात धरला. एकीकडे हाका मारतच होती. खालच्या वस्तीवरचे लोक पोचले. त्यांच्यापैकी कुणी आत उतरलं नाही, कारण ती बाई श्वास मिळेल तसं तेवढं एकच ओरडत होती. आडात पडलेल्या बादल्या काढायचा गळ आणि दोर आणला, तोंडाला फडकी बांधली, काठावर आडवे पडून आबांना वर ओढलं. त्यांना जाऊन बराच वेळ झाला होता. गळ ओढताना काला पुन्हा हलला आणि खालून पुन्हा बुडबुडे आले. सगळे मागं सरले.

बसवराज आला तो थेट मातीलाच. नंतर त्यानं फरशा पुन्हा बसवल्या आणि भोवती बाभळीचे काटे लावले. वरूनच पाणी सोडून काला पातळ करायचा, मग पंपानं उपसायचा, त्याला वेळ लागेल, तोवर जनावरही इकडे फिरकू देऊ नका, असं तो म्हणाला. "अजून लई अडकल्यालं हाय आत."

मी गेलो ते तेराव्यानंतर. बबिताचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. आबांच्या थोरल्या बहीण सुंदरबाई नेकनूरहून येऊन राहिल्या होत्या. गहिनीनाथ भिंतीला टेकून बसला होता. तेव्हापासून तो बायकोशी एक शब्द बोलला नव्हता, हे मला रस्त्यातच दोघांनी सांगितलं होतं. आणि दुसरंही सांगितलं होतं, की सुनेनं धरून ठेवलं म्हणून म्हातारा गेला.

बबितानं डाव्या हातानं एकेक करून चहाचे कप आणले. सुंदरबाईंनी कपाला हात लावला नाही.

"मास्तर," त्या माझ्याकडे बघत पण तिला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्या म्हाळूनं आडात पडल्याली मेंढरं काढली. त्याला काढायला पोटचा पोरगा दारात व्हता. पन पोरगा बायकूच्या मिठीत!"

बबिता उंबऱ्यात उभी राहिली. काट्यांच्या पलीकडून, फरशांच्या खालून, बारीकसा आवाज आला. आम्ही चौघांनी तो ऐकला. कुणी तिकडे बघितलं नाही.

"आत्या," गहिनीनाथ म्हणाला. आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न वापरलेला. "तिला बोलू नका."

"का नको बोलू? खोटं हाय का?"

"हात मी मोडलाय तिचा. किटली घातली. हाड वाजल्यालं मला ऐकू आलं." तो जमिनीकडे बघत होता. "आजून एक घाव घातला असता तर सुटलो असतो मी. घातला न्हाई."

"मंग? कावून न्हाई घातला?"

"वाकून बगितलं तवा आबाचा हात दिसला. उघडा. आन् मला भ्या वाटलं. लोक मनत्यात तिनं धरलं. मनू दिलं मी. तिनं धरलं नसतं तर मला इचारलं असतं की, तू कावून उतरला न्हाईस?"

माझ्या हातातला चहा निवला होता.

"मला मालूम हाय," बबिता उंबऱ्यातून म्हणाली. "तुमचं अंग ढिलं पडलं, तवाच कळलं मला."

गहिनीनाथनं मान वर करून तिच्याकडे बघितलं. "मंग बोलली कावून न्हाईस?"

ती आत आली आणि खाली बसून एका हातानं कप गोळा करायला लागली. एक जमला, दुसरा हातात मावेना. सुंदरबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, आपला न प्यायलेला कप आणि माझा कप त्यांनी उचलला, आणि तिच्यामागून चुलीकडे गेल्या.